ढगांतून वाट काढणारी उपकरणे
वैमानिकाचे हवामानशास्त्र व शेतकऱ्याचे आकाश

आकाशाकडे रोज पाहणारे दोन वर्ग समाजात आहेत. एक शेतकऱ्यांचा व दुसरा वैमानिकांचा. पहिल्याचे पीक आकाशावर अवलंबून असते, तर दुसऱ्याचे प्राण. दोघांच्या कामांत वरवर पाहता काही साम्य नाही. परंतु दवबिंदू, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा आणि गडगडणारा ढग या चार गोष्टींचे ज्ञान दोघांनाही सारखेच लागते. आपल्या देशात या दोघांना हवामानाची माहिती पुरविणारे खातेही एकच आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले व पुण्यातील त्या इमारतीस लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. १९३२ साली पुण्यासच कृषि-हवामानशास्त्राची स्वतंत्र शाखा निघाली. त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेले छोटे विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविले. हे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असल्यामुळे त्या दिवसांत टपालाचे विमान पुण्याहून चालवावे लागे. नव्या विमानसेवेलाही आपल्या पर्जन्यकाळापुढे मान तुकवावी लागली, ती अशी.

वैमानिक ढगांत शिरल्यावर कोणत्या उपकरणांच्या आधारे वाट काढतो, ती उपकरणे केव्हा फसवितात आणि हवामानाच्या कोणत्या खुणा पाहून तो जावे की थांबावे हे ठरवितो, याची माहिती या लेखात दिली आहे. ग्रामकार्यकर्त्यांना व शेतकरी बंधुभगिनींना यातून काय घेता येण्याजोगे आहे, तेही ठिकठिकाणी सांगितले आहे.

शरीराची साक्ष खोटी ठरते

जत्रेतील चक्री पाळण्यात बसून डोळे मिटून घेतल्यास एक मौजेची गोष्ट अनुभवास येते. पाळणा एकाच गतीने काही वेळ फिरत राहिला की आपण फिरत आहोत हे जाणवेनासे होते. आणि तो थांबला की आपण उलट दिशेने फिरू लागलो असे वाटते. याचे कारण आपल्या कानाच्या आतील भागात आहे. तेथे अर्धवर्तुळाकार अशा तीन बारीक नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरू लागले की द्रव किंचित मागे राहतो व त्यावरून मेंदूला वळण कळते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले, तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि मेंदूला ‘सर्व काही स्थिर आहे’ असा चुकीचा निरोप जातो.

जमिनीवर ही चूक डोळे दुरुस्त करतात. ढगांत शिरलेल्या वैमानिकाला मात्र क्षितिज दिसत नाही. विमान एका बाजूस हळूहळू कलले तरी त्याला ते सरळच वाटते. कलले की ते वळू लागते, वळता वळता नाक खाली जाते आणि ते चक्राकार खाली उतरू लागते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली याची परीक्षा घेतली. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण न मिळालेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालविण्यास दिले असता, सरासरी १७८ सेकंदांत विमान त्यांच्या ताब्याबाहेर गेले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत! बरोबर शिक्षक होता म्हणूनच हे सर्व सुखरूप उतरले.

यावरून वैमानिकाच्या शिक्षणातील पहिला नियम निघाला : अंगाला काय वाटते यावर विसंबू नये, उपकरण काय सांगते ते पाहावे. उपकरणांच्या साहाय्याने विमान चालविणे शक्य आहे हे जेम्स डुलिटल या अमेरिकन वैमानिकाने २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे सिद्ध केले. त्याच्या बैठकीवर झाकण बसवून बाहेरचे दृश्य पूर्णपणे बंद केले होते. पुढील बैठकीत दक्षतेसाठी दुसरा वैमानिक होता, पण त्याने विमानाला हात लावला नाही. केवळ तबकड्यांवरील काट्यांकडे पाहून डुलिटलने विमान वर नेले, फिरविले व पुन्हा त्याच मैदानावर उतरविले.

सहा तबकड्या

वैमानिकासमोरील मुख्य उपकरणे सहा. आजच्या मोठ्या विमानांत ही सर्व माहिती पडद्यावर एकत्र दिसते. परंतु तत्त्वे तीच आहेत. त्यांपैकी तीन उपकरणे हवेच्या दाबावर चालतात व तीन सामान्यतः भोवऱ्याच्या तत्त्वावर चालतात.

दाबावर चालणारी उपकरणे अशी : पहिला वेगदर्शक. विमानाच्या पुढील बाजूस तोंड केलेली एक बारीक नळी असते. विमान जितके वेगाने जाईल तितकी हवा त्या नळीच्या तोंडावर जोराने आदळते. विमानाच्या कुशीला असलेल्या दुसऱ्या छिद्रातून आजूबाजूच्या शांत हवेचा दाब मिळतो. या दोन दाबांतील फरकावरून वेग कळतो. ही नळी मुळात विमानासाठी शोधलेलीच नाही. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली पॅरिसमधून वाहणाऱ्या सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती तयार केली. म्हणूनच तिला पितो नळी म्हणतात. पाण्याचा प्रवाह असो की हवेचा, हिशेब एकच.

दुसरा उंचीमापक. आपण जसजसे वर जातो, तसतसा आपल्या डोक्यावरील हवेचा थर कमी होतो व तिचा दाबही कमी होतो. समुद्रसपाटीजवळ दर आठ मीटर चढाला दाब सुमारे एक मिलिबार उतरतो. उंचीमापकात हवा काढून घेतलेली पातळ धातूची बंद डबी असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती किंचित फुगते व काट्याला गती देते. तिसरे उपकरण विमान दर मिनिटाला किती चढते वा उतरते ते दाखविते. तेही याच दाबावर चालते.

उरलेली तीन उपकरणे भोवऱ्याची आहेत. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहसा बदलू देत नाही, हे गावातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. विमान कसेही कलले तरी आतील भोवरा आपली दिशा धरून राहतो. त्याच्या तुलनेने विमान किती कलले, नाक वर आहे की खाली, हे कृत्रिम क्षितिज दाखविते. दिशादर्शकावरून विमानाचे तोंड कोणत्या दिशेस आहे ते कळते, आणि वळणदर्शकावरून ते कोणत्या बाजूस व किती त्वरेने वळत आहे ते समजते. दिशादर्शकाचा भोवरा कालांतराने थोडा सरकतो, म्हणून साध्या उपकरणाच्या बाबतीत दर पंधरा मिनिटांनी त्याचा होकायंत्राशी मेळ घालावा लागतो. होकायंत्र मात्र वळणात डोलते, म्हणून हा मेळ विमान सरळ व समतल असतानाच घालावयाचा असतो. एकही उपकरण सर्वज्ञ नाही. प्रत्येकाचा पडताळा दुसऱ्याशी घ्यावयाचा, ही वैमानिकाची रीत आहे.

उंचीमापक केव्हा फसवितो?

उंचीमापक उंची मोजत नाही. तो दाब मोजतो व त्याचे रूपांतर उंचीत करून दाखवितो. हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. समुद्रसपाटीवरील हवेचा प्रमाण दाब १०१३.२५ मिलिबार धरलेला आहे. आज हवामान खाते यालाच हेक्टोपास्कल म्हणते. दोहोंचे मूल्य एकच. परंतु प्रत्यक्षात हा दाब दररोज व प्रत्येक ठिकाणी बदलतो. समजा, एक वैमानिक १०१० मिलिबार दाबाच्या प्रदेशातून निघाला आणि ९९६ मिलिबार दाबाच्या प्रदेशात शिरला. त्याने उपकरणातील दाबाचा आकडा बदलला नाही, तर काटा जी उंची दाखवील तिच्यापेक्षा विमान प्रत्यक्षात सुमारे एकशे दहा मीटर खाली असेल. सह्याद्रीच्या रांगांवरून पावसाळी ढगांतून जात असताना एवढा फरक जीवघेणा ठरू शकतो. यासाठी विमानतळावरून वैमानिकास त्या ठिकाणचा ताजा दाब सांगितला जातो व तो आकडा उपकरणात बसविल्यावरच विमान उतरविले जाते.

यात शेतकऱ्याचा संबंध कोठे येतो? दाब उतरला की वैमानिकास धोका वाढतो, आणि आपल्याकडेही कमी दाबाचा पट्टा म्हणजे वारे, ढग व पाऊस. शाळेत, कृषि-संशोधन केंद्रावर अथवा काही मोबाइल फोनमध्येही वायुभारमापक असतो. त्याच्या वाचनाचा उपयोग करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, पठारावरील आकडा समुद्रकिनाऱ्यापेक्षा नेहमीच कमी असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे तेथील दाब सामान्यतः ९५० मिलिबारच्या आसपास असतो. तो आकडा पाहून ‘वादळ आले’ असे कोणी समजू नये. दुसरी गोष्ट अशी की, उष्ण कटिबंधात दाबाची रोज भरतीओहोटी होते. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. म्हणून सकाळच्या दहाच्या आकड्याशी दुपारच्या चारच्या आकड्याची तुलना करणे व्यर्थ होय. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करावी. त्या दोहोंत दाब लक्षणीय उतरलेला आढळल्यास हवामान खात्याची पत्रके लक्षपूर्वक ऐकावीत.

उपकरणही आजारी पडते

उपकरणावर विश्वास ठेवावा, परंतु तो आंधळा नसावा. या बाबतीत तीन अपघात सर्व जगातील वैमानिकांना शिकविले जातात.

पहिला आपल्या दाराशी घडला. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री मुंबईहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे मोठे विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळले व त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. समोर काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. मुख्य वैमानिकासमोरील कृत्रिम क्षितिज बिघडले व ते विमान उजवीकडे कललेले दाखवीत राहिले. ते सरळ करण्याच्या भरात विमान डावीकडे फार कलले. शेजारचे कृत्रिम क्षितिज मात्र योग्य तेच दाखवीत होते. दोहोंचा पडताळा घेण्यास पुरेसा अवधीच मिळाला नाही.

दुसरा अपघात ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात झाला. विमान काही दिवस उभे होते व त्या काळात पितो नळ्यांवर झाकणे घातलेली नव्हती. भिंतीवर मातीची घरे करणाऱ्या कुंभारीण माशीसारख्या एखाद्या कीटकाने एका नळीत घर केले असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. तोंड बंद झाल्यामुळे नळीतील दाब तसाच राहिला. विमान वर चढू लागले तसा बाहेरचा दाब कमी झाला. दोहोंतील फरक वाढला व काटा वेग वाढत असल्याचे दाखवू लागला. वेग कमी करण्यासाठी नाक वर राहिले, आणि प्रत्यक्षात मात्र वेग इतका घटला की पंखांची उचलण्याची शक्ती संपली. १८९ जणांचा प्राण गेला. १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरावर रिओहून पॅरिसकडे जाणाऱ्या विमानाच्या पितो नळ्या उंचावरील ढगांतील हिमकणांनी थोडा वेळ बुजल्या. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, चालकदल गोंधळले व नाक वर खेचले गेले. त्या अपघातात २२८ जण दगावले.

एका माशीच्या मातीच्या घराने एवढे मोठे विमान पडू शकते, तर आपल्या गावच्या पर्जन्यमापकाची काय कथा? त्याच्या नरसाळ्यात पाने, कचरा वा कीटकाचे घर साठले तर पाऊस कमी नोंदला जातो. त्या नोंदीवर टंचाई, अतिवृष्टी व पीकविमा यांचे निर्णय अवलंबून असतात. अशी चुकीची नोंद म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न होय. म्हणून पर्जन्यमापक उघड्या जागी असावा. जवळच्या झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर मध्ये असावे. नरसाळे नियमितपणे साफ करावे आणि वाचन दररोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी, हे ध्यानात घेतले म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीचे मोल कळते. २०१७ पासून महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. त्यांनाही हाच नियम लागू आहे. यंत्र स्वयंचलित असले तरी त्याची सफाई आपोआप होत नाही. केंद्राची नोंद व गावातील पर्जन्यमापकाची नोंद यांत वारंवार मोठी तफावत आढळल्यास ती तारखेसह लिहून ठेवावी व वरिष्ठांस कळवावी.

दवबिंदू : धुक्याची व रोगाची आगाऊ सूचना

आता हवामानाकडे वळू. विमानतळांवरून साधारणतः दर अर्ध्या तासाने एक छोटा अहवाल निघतो. त्यात वारा, दृश्यता, ढग, तापमान, दवबिंदू व दाब एवढ्या गोष्टी क्रमाने दिलेल्या असतात. पहाटे उतरावयाचे असेल तर वैमानिक तापमान व दवबिंदू या दोन आकड्यांकडे बारकाईने पाहतो. हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली असता तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, तो तिचा दवबिंदू होय. थंड पाणी भरलेल्या तांब्याबाहेर जे थेंब जमतात, ते तांब्याचा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेल्याची खूण होय. तापमान व दवबिंदू यांतील अंतर दोन अंशांवर आले, रात्र निरभ्र असली व वारा मंद असला, की पहाटे धुके पडण्याचा संभव फार. अशा वेळी वैमानिक दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल एवढे जादा इंधन बरोबर घेतो.

दवबिंदू काढण्यास मोठे यंत्र लागत नाही. दोन सारखे तापमापक घेऊन एकाच्या फुग्यास ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळावी व तिचे टोक पाण्याच्या भांड्यात सोडावे. बाष्पीभवनामुळे ओला तापमापक कोरड्यापेक्षा कमी तापमान दाखवितो. हवा जितकी कोरडी, तितका फरक अधिक. समुद्रसपाटीजवळ कोरडा ३० अंश व ओला २५ अंश असेल, तर दवबिंदू सुमारे २३ अंश व सापेक्ष आर्द्रता सुमारे ६७ टक्के येते. इतर आकड्यांसाठी छापील कोष्टके मिळतात. मलमल स्वच्छ व पाणी निर्मळ असावे. पट्टी मळली किंवा वाळली तर ओला तापमापक अधिक तापमान दाखवितो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट भासते. येथेही उपकरणाचे आरोग्य प्रथम पाहावे.

याच आकड्यांवरून वैमानिक ढगांच्या तळाची उंची अंदाजितो. दुपारी उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेचे ढग होतात तेव्हा तापमान व दवबिंदू यांतील प्रत्येक अंशामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच असतो. वरील उदाहरणात अंतर सात अंश असल्यामुळे तळ सुमारे ८७५ मीटरवर येईल.

शेतकऱ्यास याचा उपयोग वैमानिकापेक्षा कमी नाही. ज्या रात्री विमानतळावर धुके उतरते, त्याच रात्री पिकाच्या पानांवर दव साचते. द्राक्षावरील केवडा, बटाट्यावरील उशिराचा करपा यांसारख्या बुरशीजन्य रोगांना पानावर टिकणारा ओलावा हवा असतो. सायंकाळी दवबिंदू काढावा व त्याची तुलना आदल्या पहाटेच्या किमान तापमानाशी करावी. समजा, सायंकाळी दवबिंदू १४ अंश आहे व आदल्या पहाटे पारा १२ अंशांवर आला होता. आकाश तसेच निरभ्र व वारा तसाच शांत असेल, तर उजाडण्यापूर्वी दव पडणार हे जवळजवळ निश्चित होय. अशा सायंकाळी तुषारसिंचन करून पाने आणखी ओली करू नयेत, पहाटे बागेत फेरी मारून पाने उलटून पाहावीत आणि औषधाचा निर्णय कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे घ्यावा. अशा नोंदी ठेवल्यास रोग दिसण्यापूर्वी सावध होता येते व अनावश्यक फवारणीचा खर्चही वाचतो.

पहाटेचा शांत थर

सामान्यतः वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. महाबळेश्वर पायथ्याच्या गावांपेक्षा थंड असते ते यामुळेच. निरभ्र रात्री मात्र जमीन आपली उष्णता गमावते, तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते व हा क्रम उलटा होतो. त्या थराखाली धूर व धूळ कोंडून राहतात, दृश्यता घटते व वैमानिकास धावपट्टी दिसेनाशी होते. गावात ही स्थिती ओळखण्याची सोपी खूण अशी की, चुलीचा धूर सरळ वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो. अशा वेळी वारा नाही म्हणून फवारणी उत्तम होईल असे वाटते. परंतु औषधाचे सूक्ष्म थेंब त्या थरात तरंगत राहतात व नकळत शेजारच्या शेतात, विहिरीवर किंवा वस्तीवर जातात. धूर वर जाऊ लागेपर्यंत थांबावे. वारा मंद पण निश्चित दिशेचा असताना, तो आपल्या पाठीशी किंवा बाजूस ठेवून फवारावे.

गडगडणारा ढग : वैमानिकही ज्याला वळसा घालतो

आजची प्रवासी विमाने पाऊस, धुके व साधे ढग यांतून सहज जातात. एका ढगाला मात्र ती वळसा घालतात. तो म्हणजे ऐरणीसारखा माथा पसरलेला, खाली काळानिळा व आत विजा खेळविणारा वादळी ढग. आपल्या देशात त्याचा माथा पंधरा किलोमीटरपेक्षाही वर जातो. अमेरिकेत १९४६ व १९४७ साली अशा ढगांत मुद्दाम विमाने नेऊन त्यांचा अभ्यास करण्यात आला, तेव्हा त्यांच्या तीन अवस्था स्पष्ट झाल्या. पहिल्या अवस्थेत दमट हवा वर चढते व ढग फुलकोबीसारखा वाढतो. दुसऱ्या अवस्थेत आत चढणारे व उतरणारे असे दोन्ही प्रवाह असतात. पाऊस, गारा व वीज यांचा जोर याच वेळी. तिसऱ्या अवस्थेत उतरणारा प्रवाह वरचढ होऊन ढग विरतो.

वैमानिकास सर्वांत भय असते ते उतरत्या प्रवाहाचे. पावसाने थंड व जड झालेली हवा वेगाने खाली येऊन जमिनीवर आदळते व चोहीकडे पसरते. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे उतरणारे एक विमान अशाच प्रवाहात सापडून कोसळले. त्याचा अभ्यास करून टेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञाने अशा खाली कोसळणाऱ्या प्रवाहांचे स्वरूप उलगडून दाखविले. शेतावर हीच हवा पावसाच्या आधी अचानक सुटणाऱ्या गार व धुळकट वाऱ्याच्या रूपाने येते. तापलेल्या वैशाखात हा गारवा सुखाचा वाटतो. परंतु ती विश्रांतीची नव्हे, पळून आसरा घेण्याची सूचना होय. ढग अजून दूर असला तरी वीज त्याच्या बाजूने कित्येक किलोमीटर बाहेर येऊन पडू शकते.

तीव्र वादळी ढगापासून किमान वीस सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, दूर राहावे असा वैमानिकांचा नियम आहे. शेतकऱ्यास एवढे दूर जाता येत नाही. तथापि अंतर मोजता येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे व आपण धोक्याच्या क्षेत्रात आहोत. तत्काळ काम थांबवून पक्क्या घरात किंवा वरून बंद असलेल्या धातूच्या मोटारीत जावे. एकटे झाड, तारेचे कुंपण, विद्युत पंप, उघडा ट्रॅक्टर, विहीर व तळे यांपासून दूर राहावे. गुराख्यांनी झाडाखाली गोळा होऊ नये. आसरा नसेल तर सखल जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे होईपर्यंत शेतात परतू नये. पाऊस ओसरला म्हणजे धोका टळला ही समजूत खोटी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातील विजांची सूचना देते. ते ग्रामकार्यकर्त्यांनी स्वतःच्या फोनवर ठेवावे व इशारा मिळताच ध्वनिक्षेपकावरून गावास कळवावे.

गारा हेही याच ढगाचे अपत्य. चढत्या प्रवाहात हिमकण वर नेले जातात, शून्याखालील तापमानातही न गोठलेले पाणी त्यांवर चिकटते व ते मोठे होत जातात. असेच पाणी विमानाच्या पंखांवर व नळ्यांवर बर्फ धरते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षे व डाळिंबे यांचे किती नुकसान केले, ते पुष्कळ शेतकरी आजही विसरलेले नाहीत. गारा थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु इशारा मिळताच काढलेला माल झाकणे, जनावरे आत बांधणे व नुकसान झाल्यास विहित मुदतीत कळविणे एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

उड्डाणापूर्वी वैमानिक एक यादी हातात घेऊन प्रत्येक गोष्ट तपासतो. वीस वर्षे विमान चालविलेला मनुष्यही ही यादी पाठ आहे म्हणून बाजूस ठेवीत नाही. त्याच धर्तीवर गावासाठी पुढील यादी उपयोगी पडेल :

१. सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकाचे वाचन घेऊन त्याच वेळी वहीत लिहावे. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहावे. जागा कोरी सोडू नये.

२. आठवड्यातून एकदा नरसाळे, मलमल व तापमापकांची पेटी तपासून साफ करावी.

३. हिवाळ्यात दररोज सायंकाळी कोरड्या व ओल्या तापमापकांची वाचने घेऊन दवबिंदू काढावा व तो चावडीवरील फळ्यावर लिहावा.

४. हवामान खात्याचे पत्रक व स्वतःची नोंद यांचा पडताळा घ्यावा. दोहोंत विरोध दिसल्यास प्रथम आपले उपकरण तपासावे, मग निष्कर्ष काढावा.

५. मार्च ते जून व परतीच्या पावसाच्या दिवसांत विजेच्या इशाऱ्याची व्यवस्था सिद्ध ठेवावी. शाळेत मुलांकडून तीस सेकंदांचा व तीस मिनिटांचा नियम पाठ करून घ्यावा.

शेतकऱ्यांसाठीचे हवामान-पत्रक आपल्या देशात १९४५ साली आकाशवाणीवरून सुरू झाले. त्यानंतर उपग्रह आले, रडार आली, फोनवर तासातासाचे अंदाज येऊ लागले. परंतु मोठ्या प्रदेशाचा अंदाज आपल्या शिवारास कितपत लागू पडतो, हे ठरविण्यास आपल्या शिवारातील नोंदच लागते. वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचे मोल मोठे आहे व ते तसेच राहील. नियमित ठेवलेली नोंदवही त्या अनुभवाला आकड्यांचा आधार देते. ढगांत शिरलेला वैमानिक मनाला जे वाटते ते बाजूस ठेवून, स्वच्छ ठेवलेल्या व पडताळून घेतलेल्या उपकरणांवर आपला व प्रवाशांचा जीव सोपवितो. गावच्या पर्जन्यमापकाचे आणि ओल्या-कोरड्या तापमापकांचे वाचन त्याच काळजीने घेतले गेले, तर त्याचा लाभ प्रत्येक शेतकरी कुटुंबास झाल्याशिवाय राहणार नाही.